चित्रं एक नंबर, गोष्ट फुसकी: असला डार्क फँटसी मांगा वाचायचा कसा

कोणत्या मांगाबद्दल, म्हणजे जपानी कॉमिक्सबद्दल, बोलायलो ते नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की निम्मी पोरं वाचायचं सोडून भांडायलाच उठतात. पण प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कव्हरवर काळ्या चिलखतातला एक जण, मागं अर्धा ढासळलेला किल्ला, आभाळातून काहीतरी हजार हातांचं खाली उतरायलंय, आणि रेघांचं काम असं की माणूस चहा गार होईस्तोवर बघत बसावा. मग आत शिरायचं आणि पाच-सहा चॅप्टर झाले तरी कळत नाही की हा चिलखतवाला चाललाय कुठं, काहून चाललाय आणि त्याला जा म्हणून सांगितलं कुणी. बडा घर पोकळ वासा.

असलं काही हाताला लागलं की लोक दोनच गोष्टी करतात, एक तर "आर्ट बघ ना भावा" म्हणत सगळं माफ करतात, नाहीतर पहिल्या कंटाळ्याला शिव्या घालून मोकळे होतात. दोन्हीकडून नुकसान आपलंच. माझं म्हणणं एवढंच आहे की चित्र काढता येणं आणि चित्रातून गोष्ट सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच माणसाला दोन्ही जमतील असं काही नसतं, आणि वाचणाऱ्याला ह्यातलं कोणतं काम कुठं फसलंय ते पकडता आलं की फुसक्या गोष्टीच्या मांगातूनही वेळ वसूल होतो.

मोबाईल आडवा करा, मग बोला

अर्धी तक्रार तर नीट न बघितल्यामुळंच असते. मांगा उजवीकडून डावीकडं वाचायचा हे आता शाळेतल्या पोरांनाही माहिती आहे, पण फोन उभा धरला की बरीच ऍप डबल पेजचे, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या एकाच चित्राचे, दोन तुकडे करतात, म्हणजे चित्रकारानं जीव ओतून काढलेला राक्षस मधोमध कापला जातो, आधी नुसता खांदा दिसतो आणि स्वाइप केल्यावर तोंड. तर डबल पेज आलं की फोन आडवा, आणि घरात लॅपटॉप असेल तर त्याच्यावर दोन पानं शेजारी लावून बघा. रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. ह्या मांगांत काळ्याच्या आत अजून एक काळं असतं, ते पिवळ्यात बुडतं.

करडा भाग दिसतो तो खरं तर करडा नसतो, बारीक काळे ठिपके असतात, त्याला स्क्रीनटोन म्हणतात. पान स्क्रीनवर लहान झालं की ते ठिपके एकमेकांत अडकून जाळीसारख्या लाटा दिसायला लागतात. तेव्हा चित्र घाण आहे म्हणू नका, झूम करा.

आता शब्दांचं. जपानी मजकूर वरून खाली लिहितात म्हणून बबल, म्हणजे बोलण्याचे फुगे, उभट असतात, आणि त्याच उभट बबलात आडवी इंग्रजी कोंबायची म्हटल्यावर वाक्यं तोडावी लागतात, कधी कधी अर्थच छाटला जातो. त्यात चोरीच्या स्कॅनवर वाचत असाल तर एकाच माणसाचं नाव दर दोन चॅप्टरला वेगळं, मग राजा कोण आणि पुजारी कोण हे कळणार कसं. म्हणून "गोष्टच भंगार आहे" असं ठरवायच्या आधी निदान एक चॅप्टर तरी अधिकृत भाषांतरात वाचून बघा. शुएशा कंपनीचं मांगा प्लस ऍप २०१९ पासून आहे, त्यात बऱ्याच मालिकांचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर फुकट मिळतात. आणि ह्याच्यात एक मस्त चाचणी लपलेली आहे. पहिले तीन वाचा, मधले सगळे सोडून शेवटचे तीन वाचा. मधलं काहीच न वाचता शेवटचं आरामात कळलं, तेच लोक तेच बोलायलेत, फक्त राक्षस मोठा झालाय, तर समजून जा की मधल्या सगळ्या पानांत गोष्ट जागची हललेली नाही. (काहीच कळलं नाही तर तो शुभशकुन समजायचा.)

एकदा शब्दांसाठी, एकदा शब्द झाकून

पहिल्यांदा भरभर वाचून टाका, कुठंही थांबू नका, फक्त गोष्ट काय आहे तेवढं घ्या. दुसऱ्यांदा वाचताना बबलकडं बघायचंच नाही. छापील पुस्तक असेल तर कागदाची पट्टी घेऊन बबल झाका, फोनवर असेल तर आपल्याला न येणारी एखादी भाषा ठेवा, वाचता येत नसली की डोळा आपोआप चित्राकडं जातो.

असल्या मांगाचं ठराविक पान कसं असतं बघा. डबल पेजवर पाण्यात बुडालेला एक मठ, छताला लोंबकळणाऱ्या शेकडो घंटा, प्रत्येक घंटेवर शेवाळ वेगळं काढलेलं, खाली गुडघाभर पाण्यात हिरो उभा आणि त्याच्या पायापासून निघालेली लाट कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. बघून अंगावर काटा येतो. पान उलटलं की पुढची तीन पानं नुसती तोंडं. एक म्हातारा उभा राहून सांगतो की हा मठ अमक्या युगातला, सात शिक्के होते, त्यातले पाच तुटले, सहावा तुझ्या रक्तात आहे. हे सगळं त्या घंटांतून सांगता आलं असतं ना? शेकड्यांऐवजी सातच घंटा काढून पाच फुटलेल्या दाखवल्या असत्या, सहावीला तडा गेलेला आणि हिरोच्या कपाळावर तसाच तडा, तर म्हातारा लागलाच नसता. शब्द झाकून वाचायचा फायदा हाच, की कुठं चित्र बोलू शकत होतं पण चित्रकारानं त्याला बोलूच दिलं नाही ते लगेच दिसतं.

आपल्याकडं पैठणला चित्रकथीची परंपरा होती. जाड काळ्या रेघा, मोठाले डोळे, राक्षस, लढाया, असली चित्रं दाखवत रामायण-महाभारतातले प्रसंग सांगायचे. तिथं चित्र अर्धंच काम करायचं, उरलेलं सांगणाऱ्याचा गळा करायचा, आणि बघणाऱ्याला गोष्ट आधीच घरून माहिती असायची. गुस्ताव्ह दोरे नावाच्या फ्रेंच चित्रकाराची, दांते ह्या इटालियन कवीनं रंगवलेल्या नरकावरची चित्रं १८६१ साली छापली गेली, आजही डार्क फँटसीच्या पानापानावर त्याची सावली दिसते, पण त्याच्याही मागं दांतेची गोष्ट तयार उभी होती. मांगावाल्याला ही सोय नाही. त्याला गोष्ट पण त्याच कागदावर उभी करायची असते, आणि नुसता चित्रकार असलेला माणूस तिथंच मार खातो, तो एकेक चित्र दोरेसारखं भारी काढतो पण एका चित्रातून दुसऱ्यात कसं जायचं हे त्याच्या डोक्यातच नसतं.

बिघाड नेमका कुठं आहे

हे शोधायला जास्त अक्कल लागत नाही, चार जागा चाचपायच्या.

पहिली जागा म्हणजे वेग. बारीक काम असलेल्या चित्रावर डोळा थांबतो, साध्या चित्रावरून सरकतो. प्रत्येक चौकटीत चिलखताची कडी न कडी काढली की डोळा प्रत्येक ठिकाणी सारखाच थांबणार, मग मारामारी आणि जेवण दोन्ही एकाच चालीनं चालणार. केंतारो मिउराच्या बर्सर्क ह्या गाजलेल्या डार्क फँटसी मांगातून सगळ्यांनी दाट रेघा उचलल्या, पण त्यातल्या रिकाम्या जागा कुणी उचलल्या नाहीत. तिथं आभाळ कोरं सोडलेलं असतं, नुसत्या एका चेहऱ्याची चौकट असते, आणि म्हणून पुढचं गच्च भरलेलं पान छातीवर येऊन पडतं.

दुसरी जागा म्हणजे जागाच. कोण कुठं उभा आहे, दार कुठं आहे, राक्षस कोणत्या बाजूनं आला. ह्यासाठी मी देवगिरीची परीक्षा लावतो. दौलताबादचा किल्ला चढलेल्या माणसाला आठवतं की आधी दरवाजे, मग कातळात खोदलेला खंदक, मग ती अंधारी, जिच्यात शत्रूनं चाचपडत मरावं म्हणून वळणं ठेवलीत, मग वर. एकदा गेलेला माणूस वर्षांनी सुद्धा घरी बसून वाट सांगू शकतो. आता मांगातला किल्ला घ्या, लढाई संपल्यावर पुस्तक बंद करा आणि कागदावर नकाशा काढा. दरवाज्यापासून सिंहासनापर्यंतची वाट काढता आली तर चित्रकार गोष्ट सांगणारा आहे. नुसते मनोरेच मनोरे आठवत असतील तर त्यानं तुम्हाला किल्ल्याचं पोस्टर दाखवलं, आत नेलंच नाही.

तिसरी जागा चेहरे. सगळे देखणे, सगळ्यांची हनुवटी एकाच साच्यातली, केस सोडले तर ओळख नाही. चिलखत घातल्यावर केस पण गेले. चौथी म्हणजे हिरोला पाहिजे काय, आणि ते तपासायला मांगा कळणारा माणूस नकोच, घरातलं कुणीही चालतं, कीर्तनं ऐकून कान तयार झालेलं असेल तर उत्तमच. आमच्या आत्याला सांगून बघितलं होतं.

"त्यो राक्षस ह्याच्या मागं काहून लागलाय?"

"शाप हाय त्याला."

"कुणी दिला?"

"ते पुढं कळंल."

"अन् हा काय करायलाय?"

"हा त्याला मारायलाय."

"मारून काय व्हतंय मग?"

"... ते पण पुढं कळंल."

"मग कळल्यावर सांग. भाकरी गार व्हायली."

म्हातारं माणूस "काहून" विचारतं आणि तुमच्याकडं उत्तर नसतं, तिथं बोट ठेवा, बिघाड तिथंच आहे.

असं होतं तरी काहून, एवढा भारी हात असलेला माणूस एवढी साधी चूक कशी करतो, तर बरंच काही कामाच्या पद्धतीत आहे. पक्कं चित्र काढायच्या आधी मांगाकार पूर्ण चॅप्टरचा कच्चा आराखडा काढतात, त्याला नेम म्हणतात, त्यात माणसं म्हणजे नुसते गोल आणि काड्या, संपादक तो बघतो, बदल सांगतो, मग खरं काम सुरू. गोष्ट तिथं ठरते. साप्ताहिकात आठवड्याला साधारण १८-२० पानं द्यायची असतात, मासिकात पानं जास्त आणि वेळही जास्त, म्हणून असलं कोरीव काम बहुतेक मासिकात किंवा थांबून थांबून निघणाऱ्या मालिकांत दिसतं. ज्याला रेघांचं वेड आहे तो सगळा वेळ शेवटच्या टप्प्यात घालतो आणि नेम उरकतो. त्यात वाचकांची पसंती घसरली की मालिका गुंडाळायला लावतात, शोनेन जंप हे साप्ताहिक तर त्यासाठी प्रसिद्धच आहे, म्हणून कधी कधी दहा व्हॉल्यूम रेंगाळलेली गोष्ट शेवटच्या चार चॅप्टरात धापा टाकत पळते.

म्हणूनच लेखक वेगळा आणि चित्रकार वेगळा अशीही पद्धत तिथं आहे, डेथ नोट ह्या मांगाचं तसंच झालंय, गोष्ट त्सुगुमी ओबाची आणि चित्रं ताकेशी ओबाताची. बर्सर्कचं तर फारच वेगळं झालं. मिउरानं १९८९ मध्ये सुरू केलं, २०२१ च्या मे महिन्यात तो गेला, आणि २०२२ पासून त्याचे मदतनीस म्हणजे स्टुडिओ गागा चित्रं काढतायत आणि गोष्टीची देखरेख त्याचा जुना मित्र कौजी मोरी करतोय, मिउरानं त्याला जेवढं सांगून ठेवलं होतं त्याच्या आधारावर. दोन कामं वेगळी असतात म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्याच्या आधीचे आणि नंतरचे चॅप्टर शेजारी ठेवून बघा, एक संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

वही घ्या, पान उलटं सोलून काढा

ज्यांना स्वतःला काढायचंय त्यांनी हा भाग सोडू नका, कारण फुसक्या गोष्टीचा मांगा शिकायला चांगल्यापेक्षा भारी पडतो. चांगल्यात सगळं जागेवर असतं त्यामुळं काय केलंय तेच दिसत नाही.

सगळ्यात न कळलेली मारामारी निवडा. रेघी वहीच्या एका पानावर पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे चौकोन पाडा आणि मांगाचं एकेक पान त्यात उतरवा, माणसं म्हणजे काड्या, राक्षस म्हणजे एक ढेकूळ, तलवार म्हणजे एक रेघ, बास. सुंदर काढायचा मोह आवरा. पूर्ण चॅप्टर असा उतरवायला एक-दोन संध्याकाळी लागतात. म्हणजे तुम्ही चित्रकाराचा नेम उलट्या बाजूनं परत तयार केला. आता सगळी शाई, सगळी चिलखतं, सगळं धुकं निघून गेलंय आणि सांगाडा समोर आहे. बघा, हिरो पाचव्या चौकोनात उजवीकडं तोंड करून पळत होता आणि सहाव्यात डावीकडं, मधे वळलेला कुठं दाखवलाच नाही. राक्षसाचा हात तुटला पण तलवार लागलेली चौकटच नाही. सलग चार पानांत एकही लांबून घेतलेलं दृश्य नाही, सगळं नाकासमोर.

मग दुरुस्ती करा. लांबून एक दृश्य घाला, ज्यात दोघं आणि मधलं अंतर दिसेल. धक्का द्यायचा असेल तो पान उलटल्यावर पहिल्या चौकटीत येईल असं सरकवा, म्हणजे आधीच्या पानाच्या शेवटी कुणाची तरी नजर वळलेली आणि उलटल्यावर ते जे काही आहे ते. तीन बबलांची बडबड एका वस्तूत घालता येते का बघा, वरच्या घंटांसारखी. आणि मूळ पानातलं जे सगळ्यात भारी चित्र होतं ते एकदाच मोठं ठेवा, बाकीच्यांना बारीक करा. एवढं जमलं की मग हवं तर रेघांकडं वळा, ०.१ आणि ०.५ चे काळे पेन, भरीव काळ्यासाठी ब्रश पेन आणि शाई न फुटणारा जाड कागद एवढ्यावर भागतं. रेघा आकाराच्या वळणानं मारा, बाहू गोल आहे तर रेघ पण गोल फिरली पाहिजे, उगं सगळीकडं तिरप्या मारल्या की माणसाला पाऊस लागल्यासारखा दिसतो.

चित्रानं गोष्ट सांगायची म्हणजे काय हे बघायला लांब जपानला जायची गरज पण नाही. अजिंठ्याला १७ नंबरच्या लेणीत विश्वंतर जातक आहे, राजपुत्र एकेक करत सगळं दान देत जातो, हत्ती, रथ, शेवटी पोरं आणि बायको सुद्धा. चौकटी नाहीत. तोच राजपुत्र एकाच भिंतीवर परत परत येतो, आणि मधे खांब, मंडप, दारं आली की समजायचं प्रसंग बदलला. एका जागी उभं राहून फक्त त्या एका माणसाला शोधत जा, डोळा कसा फिरवलाय बघा. फ्लॅश मारू देत नाहीत आणि आत उजेड कमी असतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत थांबा, गर्दी पुढं जाऊ द्या. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. वेरूळला गेलात तर १४ नंबरच्या लेणीत सप्तमातृकांच्या जवळ हाडाच्या सापळ्याच्या रूपातला काळ बघून या, डार्क फँटसीवाल्यांनी फोटो लावून नक्कल करावी असा आहे.

कधी सोडायचं

चित्रांसाठी वाचत असाल तर गोष्ट फुसकी म्हणून सोडायची गरज नाही, पण चित्रंच घसरायला लागली, पार्श्वभूमी रिकामी, तेच राक्षस कॉम्प्युटरवर कॉपी करून दहादा, तर मग उरलं काय? सोडून द्या. दुसरं म्हणजे गोष्ट सुचत नाही म्हणून बाईवर अत्याचार दाखवायचा आणि त्याला डार्क म्हणायचं, हा रोग ह्या प्रकारात लई आहे. ज्या प्रसंगानं नंतर कुणाच्याच वागण्यात काही फरक पडत नाही तो नुसता मसाला आहे, असलं दोनदा दिसलं की मी पुढं जात नाही, चित्र कितीही देखणं असू द्या. आणि घरात बारकी पोरं असतील तर कव्हरवरची वयाची खूण बघून ठेवा, कार्टून समजून उघडतात.

पैसे घालायचे असतील तर पूर्ण सेट मागवू नका. ज्या व्हॉल्यूममध्ये सगळ्यात जास्त डबल पेज आहेत तो एकच घ्या, किंवा त्या चित्रकाराचं आर्टबुक निघालं असेल तर ते, मोठ्या आकारात आणि बबलांशिवाय. मित्राला सुचवताना पण खरं सांगा, "गोष्टीसाठी नको वाचू, तिसऱ्या व्हॉल्यूममधला मठ बघ" असं नेमकं सांगितलं की तो शिव्या देत नाही. आणि उसना द्यायचा झाला तर डबल पेज उघडताना पुस्तक उताणं दाबायचं नाही एवढी अट घाला, असल्या पुस्तकांचा चिकटवलेला कणा लगेच सुटतो आणि नेमकं तेच पान पहिलं गळून पडतं.